उड्डाण सपाट पडद्यावर, अवकाश घुमटात: नाशिकच्या छोट्या प्रेक्षागृहासाठी भव्य-पडदा चित्रपट

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधली एक शिक्षणसंस्था. आवारात ९ मीटर व्यासाचा फायबरचा घुमट, आतून पांढरा रंगवलेला. ६० आसनं, मधोमध फिशआय (अर्धगोलभर चित्र पसरवणारी) लेन्स लावलेला ५,००० ल्युमेनचा एकच प्रोजेक्टर (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या एकूण उजेडाचं माप). शेजारी १४ बाय ११ मीटरचं, साडेसहा मीटर उंचीचं सभागृह बहुतेक वेळ रिकामं. परदेशी विज्ञान संग्रहालयांत विमानोड्डाणावर आणि अंतराळमोहिमांवर जे भव्य-पडद्याचे चित्रपट चालतात, ते मुलांना दाखवायचे आहेत. पुरवठादाराने दिलेला पहिला चित्रपट लावला तर क्षितिज केळ्यासारखं वाकलं, सगळं चित्र धुरकट दिसलं आणि सहावीतल्या चार मुलांना मळमळलं. आता १०,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर घ्यावा का?

घुमटासाठी घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी एकही त्याने सुटणार नाही. सपाट पडद्यासाठी घडवलेला, उजळ आकाशाने भरलेला चित्रपट पांढऱ्या घुमटावर ताणला गेला, हे मूळ दुखणं आहे. उपाय दोन भागांत करा: उड्डाणाचे चित्रपट सभागृहात सपाट पडद्यावर दाखवा, आणि घुमट फक्त घुमटासाठी बनलेल्या अवकाश-चित्रपटांना द्या. हे आवडीनिवडीवरून म्हणत नाही, त्यामागे भूमिती आहे आणि प्रकाशाचं साधं गणित आहे. दोन्ही खाली मांडतो, कारण पुढची प्रत्येक खरेदी त्यावरच ठरेल.

आधी हे चित्रपट कशावर घडले ते पाहू. ज्याला १५/७० म्हणतात त्यात ७० मिमी रुंदीची फिल्म आडवी धावते आणि एका चौकटीला १५ छिद्रं लागतात. चौकटीचा आकार सुमारे ७० बाय ४८.५ मिमी, म्हणजे जुन्या ३५ मिमी चौकटीच्या नऊ-दहा पट क्षेत्रफळ. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर मिनिटाला शंभर मीटरहून जास्त फिल्म जाते. चाळीस मिनिटांच्या चित्रपटाची प्रत चार किलोमीटरच्या वर भरते. एवढी फिल्म खर्च करण्याचं कारण एकच: प्रेक्षक पडद्याच्या इतक्या जवळ बसावा की चित्राची कड त्याच्या नजरेच्या कडेबाहेर जावी, आणि तरीही चित्र फुटू नये. पडदा किती मीटरचा हा दुय्यम मुद्दा आहे. आसनावरून तो किती अंशांचा दिसतो, यावर सगळं अवलंबून असतं. नेहमीच्या सिनेमागृहात मधल्या रांगेतून पडदा साधारण ४० अंशांचा दिसतो. या चित्रपटांना तिथून ६० अंशांच्या आसपास हवेत, पुढच्या रांगांत ८०.

आता ताणण्याचा प्रकार. १५/७० कॅमेऱ्यावर ४० मिमीची साधी लेन्स लावली तर ती आडवे सुमारे ८२ अंश पाहते, ५० मिमीची सुमारे ७० अंश. म्हणजे कॅमेऱ्याने जगाचा ७० अंशांचा तुकडा टिपला. तोच तुकडा घुमटावर १६० अंशांवर पसरला की प्रत्येक गोष्ट सव्वादोन पट मोठी होते, क्षितिज वाकतं आणि विमान कलंडलं की चित्राच्या दोन कडा वेगवेगळ्या वेगाने फिरतात. मळमळ तिथून सुरू होते. सॉफ्टवेअरमध्ये ‘फिट टू डोम’ असं जे बटण असतं ते नेमकं हेच करतं.

कधी तरी सपाट चित्रपट घुमटावर दाखवावाच लागला, तर पसरू नका. कॅमेऱ्याने जेवढे अंश पाहिले तेवढ्याच अंशांची खिडकी घुमटावर पाडा. ७० ते ८० अंश रुंद, खिडकीचा मध्य घुमटाच्या कडेपासून २० ते २५ अंश वर, कडा हळूहळू काळ्यात विरणाऱ्या, बाकी सगळा घुमट काळा. चित्र बसवताना नोमोनिक प्रक्षेपण निवडा. त्यात सरळ रेषा घुमटाच्या मध्यावरून पाहताना सरळच दिसते. कडेच्या आसनांवरून ती थोडी वाकेल, ते टळत नाही.

धुरकटपणाचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण यात सर्वांत जास्त पैसे वाया जातात. घुमटाच्या पृष्ठभागावरून उसळलेला उजेड अर्धा जमिनीकडे जातो आणि अर्धा पुन्हा घुमटावरच पडतो. अर्धगोलाची ही भूमितीच आहे, व्यास काहीही असो. पांढऱ्या रंगाची परावर्तनक्षमता ८५ टक्के धरली, तर वारंवार उसळून घुमटाच्या प्रत्येक भागावर सरासरी उजेडाच्या ७४ टक्के इतका फुकटचा उजेड सांडतो. परावर्तन ५० टक्के असलेल्या राखाडी घुमटावर हाच आकडा ३३ टक्क्यांवर येतो. आता चित्रातला सरासरी उजेड पूर्ण पांढऱ्याच्या ५५ टक्के आहे असं माना. ढग, निळं आकाश, उन्हातलं विमान, म्हणजे उड्डाणाच्या चित्रपटातलं नेहमीचं दृश्य. पांढऱ्या घुमटावर सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागातलं गुणोत्तर फक्त साडेतीनास एक उरतं. राखाडी घुमटावर साडेसहास एक. याउलट अवकाशातल्या दृश्यात बहुतेक भाग काळा असतो. सरासरी ३ टक्के धरली तर पांढऱ्या घुमटावर सुमारे ४५ आणि राखाडीवर १०० पर्यंत गुणोत्तर मिळतं.

या गणितात ल्युमेन कुठेच येत नाहीत, हे लक्षात घ्या. प्रोजेक्टर दुप्पट केला की उजळ भाग दुप्पट होतो आणि सांडलेला उजेडही दुप्पट. धुरकटपणा तेवढाच राहतो, फक्त जास्त उजेडात. सपाट पडदा स्वतःवर उजेड टाकू शकत नाही, म्हणून आकाशाची जागा सपाट पडद्यावर.

सभागृहाचं काम आधी हाती घ्या, ते सोपं आहे. ११ मीटर रुंदीत ८ मीटर रुंद आणि ५.६ मीटर उंच पडदा बसतो. हे प्रमाण १.४३ला १, म्हणजे १५/७०चं मूळ प्रमाण. पडद्याची खालची कड जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर ठेवा. पहिली रांग साडेचार मीटरवर, तिथून पडदा ८३ अंशांचा दिसतो. ७ मीटरवर ६० अंश, १० मीटरवर ४४. म्हणून दहा-साडेदहा मीटरच्या मागे आसनं ठेवूच नका. १ मीटर अंतराने सात रांगा होतात. मागची मोकळी जागा प्रोजेक्टरच्या खोलीला आणि दप्तरं ठेवायला येईल. प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा ३० ते ३५ सेंटिमीटर उंच हवी. हा खर्च टाळून सपाट जमिनीवर खुर्च्या मांडल्या, तर पडद्याचा खालचा भाग पुढच्यांच्या डोक्यांमागे जातो, आणि उड्डाणाच्या दृश्यात धावपट्टी नेमकी तिथेच असते. उंचवट्यांचा हिशोब करताना छताची साडेसहा मीटर उंची मागच्या रांगेला पुरते का, तेही सुताराकडून आधी मोजून घ्या.

पडदा मॅट पांढरा, गेन १.० चा, म्हणजे सगळ्या दिशांना सारखा उजेड परतवणारा. चकचकीत किंवा चंदेरी पडदा नको. एवढ्या जवळून बसल्यावर त्याच्या मधोमध उजेडाचा ठिपका दिसतो आणि कडा काळवंडतात. सिनेमागृहाचं मानक ४८ निट आहे (निट म्हणजे पडद्याच्या उजळपणाचं एकक). ४४.८ चौरस मीटरच्या पडद्यावर ते गाठायला चित्रावर सुमारे ६,८०० ल्युमेन पडायला हवेत. प्रोजेक्टरचं पॅनेल १६:९ असतं, १.४३चं चित्र दाखवताना त्याच्या दोन्ही बाजू वाया जातात, म्हणून ते ८,४०० होतात. रंग जुळवताना आणि लेझर जुना होत जाताना होणारी घट धरून ११,००० ल्युमेनचा लेझर प्रोजेक्टर घ्या. रिझोल्यूशन ४के हवंच. १.४३च्या चित्राला ४केमधले सुमारे ३,०९० आडवे पिक्सेल मिळतात, म्हणजे पडद्यावर एक पिक्सेल २.६ मिमी. ७ मीटरवरून तो सव्वा कलेचा दिसतो. निरोगी डोळ्याची मर्यादा एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. साध्या फुल एचडी प्रोजेक्टरवर तोच पिक्सेल अडीच कलांचा होतो आणि पुढच्या तीन रांगांना जाळी दिसते. भिंती आणि छत पडद्याच्या बाजूने निदान चार मीटरपर्यंत गडद मॅट रंगाचे करा. सभागृहाच्या क्रीम रंगाच्या भिंती पडद्यावर परत उजेड फेकतात, मग घुमटाचं दुखणं इथेही येतं.

त्रिमितीच्या मोहात या आकाराच्या सभागृहात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चष्मे आणि ध्रुवीकरण मिळून बहुतेक उजेड खातात, चंदेरी पडदा घ्यावा लागतो आणि तो बाकीच्या चित्रपटांसाठी निकामी असतो. साठ मुलांचे चष्मे दर खेळानंतर पुसणं हेही एक कामच.

आता घुमट. पहिली खरेदी रंगाची. ९ मीटरच्या अर्धगोलाचं आतलं क्षेत्रफळ १२७ चौरस मीटर. दोन हात द्यायला साधारण २६ ते २८ लिटर रंग लागतो. मॅट, तटस्थ राखाडी, ४५ ते ५० टक्के परावर्तनाचा. निळसर किंवा हिरवट झाक नको, नाही तर तारे रंगीत दिसतात. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या आणि एका मोठ्या पिंपात एकत्र ढवळा. रोलरने देऊ नका, स्प्रेने द्या. रोलरचे पट्टे एकमेकांवर चढतात, ते दिवसा दिसत नाहीत, पण चित्रात पहाटेचं आकाश आलं की घुमटभर फासळ्या उमटतात. रंग बरोबर झाला का ते तपासायला छायाचित्रकाराकडचं १८ टक्क्यांचं राखाडी कार्ड भिंतीला लावा आणि स्पॉट मीटरने दोन्ही मोजा. घुमट कार्डापेक्षा दीड स्टॉप उजळ यायला हवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). दोन स्टॉपच्या वर गेला तर रंग फिका झाला आहे. फायबरच्या पट्ट्यांचे सांधे रंगाआधी भरून घासा. आसनं, कार्पेट आणि कडेची भिंत शक्य तितकी काळी ठेवा, कारण वरच्या गणितात जमिनीवरून काहीच परत येत नाही असं धरलं आहे.

मध्ये बसवलेला एकच प्रोजेक्टर तीन गोष्टी बिघडवतो. १९२० बाय १२०० च्या पॅनेलमध्ये पूर्ण वर्तुळ बसवलं की त्याचा व्यास १,२०० पिक्सेल. १८० अंशांवर पसरल्यावर एक पिक्सेल नऊ कलांचा होतो. तारा नव्हे, तो छोटा चौकोन दिसतो. दुसरं, पॅनेलचा निम्मा उजेड वर्तुळाबाहेर वाया जातो. तिसरं, घुमटातली सर्वांत चांगली चार-सहा आसनं यंत्राखाली जातात. ४केचा एकच प्रोजेक्टर लावला तरी पिक्सेल पाच कलांचाच राहतो. म्हणून दोन ४के लेझर प्रोजेक्टर घुमटाच्या कडेखाली समोरासमोर ठेवा, प्रत्येकाने अर्धा घुमट झाकायचा. तीन कलांच्या आसपास जाता येतं. प्रत्येकी ५,००० ल्युमेन पुरेत. राखाडी घुमटावरही ७ निटच्या जवळ मिळतात, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना अवकाश-चित्रपटासाठी ३ निटसुद्धा छान असतात.

दोन प्रोजेक्टरांचा सांधा हा कायमचा त्रास आहे, त्याची तयारी ठेवा. उजळ दृश्यात सॉफ्टवेअर सांधा लपवतं. काळ्या दृश्यात मात्र प्रोजेक्टरचा काळा खरा काळा नसतो, आणि जिथे दोघांचा काळा एकमेकांवर पडतो तिथे घुमटभर राखाडी पट्टा दिसतो. काही जण बाकीचा घुमट तेवढाच राखाडी करून पट्टा लपवतात. तसं करू नका, अवकाशाचा काळाच त्यात जातो. लेन्सच्या पुढे, चित्र धूसर होईल इतक्या अंतरावर, मॅट काळ्या पत्र्याचा आकार कापून बसवा. सांध्यातला उजेड तिथेच अडतो. जुळणी करण्याआधी दोन्ही यंत्रं निदान अर्धा तास चालू ठेवा. थंड यंत्रावर केलेली जुळणी तासाभरात दोन-तीन पिक्सेल सरकते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा थंडी पडल्यावर जुळणी तपासावी लागते, कारण नाशिकमध्ये मे आणि जानेवारीच्या तापमानात फरक मोठा आहे आणि घुमटाचा सांगाडा त्याप्रमाणे हलतो.

घुमटासाठी चित्रपट मागताना ‘डोम मास्टर’ मागा: ४०९६ बाय ४०९६ च्या चौकोनात बसवलेलं वर्तुळ, केंद्र म्हणजे खस्वस्तिक (थेट डोक्यावरचा बिंदू), परीघ म्हणजे क्षितिज. २५ मिनिटांच्या चित्रपटाला सेकंदाला ३० चौकटींनी ४५,००० चित्रं होतात. प्रत्येक १५ एमबी धरलं तर पावणेसातशे जीबी, म्हणून दर चित्रपटाला १ टीबीची एसएसडी धरा. सेकंदाला ६० चौकटींची आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. आकाश सेकंदाला १० अंश फिरलं, तर ३० चौकटींत तारा दर वेळी सात-आठ पिक्सेल उडी मारतो आणि एकाचे दोन तारे दिसतात. साठमध्ये ते निम्म्यावर येतं. दुसरी खोड म्हणजे पट्टे. पृथ्वीच्या कडेला वातावरणाची निळी रेघ काळ्यात विरते, तिथे कमी रंगछटांच्या ८ बिटच्या फाइलमध्ये कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात. १० बिटची फाइल मागा. ती नसेल तर मास्टरमध्ये किंचित दाणा (बारीक ठिपक्यांचा खडबडीतपणा) मिसळून पुन्हा एन्कोड करून घ्या.

कराराआधी तीन मिनिटांचा नमुना तुमच्याच घुमटावर चालवून पाहा. त्यात एक पिक्सेलचे तारे, १५ अंशांची जाळी, काळी-पांढरी चौकडी आणि चित्रपटातलं सर्वांत वेगवान दृश्य असावं. चौकट-क्रमांक छापलेली क्लिप लावून मोबाइलने चित्रण करा. आकडे गाळले जात असतील तर डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड अपुरं आहे.

मळमळीबद्दल. शरीर स्थिर असताना डोळ्यांभोवतीचं सगळं जग हललं, की कानातला तोल आणि डोळा यांच्यात भांडण होतं. कलंडणं सर्वांत त्रासाचं, सरळ पुढे जाणं सर्वांत सोसवणारं. घुमटासाठी चित्रपट निवडताना क्षितिज सतत डावी-उजवीकडे झुकत असेल तर तो बाजूला ठेवा. जेवणानंतर लगेचचा खेळ लावू नका. लहान मुलांना मधल्या आणि मागच्या रांगांत बसवा, कारण चित्राची भूमिती तिथून बरोबर दिसते. खेळ सुरू होण्याआधी एकच सूचना द्या: गरगरलं तर डोळे मिटा. दुसरीकडे पाहून उपयोग नसतो, कारण घुमटात दुसरीकडेही चित्रच असतं. डोळे मिटले की बरं वाटू लागतं. दाराजवळचा दिवा वरून झाकलेला, जमिनीकडे वळवलेला आणि अगदी मंद ठेवा.

आवाजावर आपल्याकडे सर्वांत कमी खर्च होतो. रॉकेट-प्रक्षेपणाचं दृश्य कानाइतकंच छातीलाही जाणवायला हवं, त्यासाठी ३० हर्ट्झपर्यंत उतरणारे दोन सबवूफर लागतात. तुमचा घुमट छिद्रं नसलेला असल्याने स्पीकर मागे लपवता येणार नाहीत. ते कडेखाली लावावे लागतील. अर्धगोल आवाज केंद्राकडे गोळा करतो, म्हणून कडेच्या भिंतीवर ५० मिमी जाडीचे शोषक फलक लावा. एवढ्या खोलीत पातळी सिनेमाच्या ८५ डेसिबलवर नको, ७९ ते ८२ वर जुळवा.

मराठी निवेदनाची तरतूद करारातच करून घ्या. संगीत आणि ध्वनिपरिणामांचा पट्टा निवेदनापासून वेगळा मिळाला पाहिजे, आणि भाषांतराचा हक्क लेखी हवा. तयार इंग्रजी मिश्रणावर मराठी आवाज चढवला तर खालचा आवाज दाबावा लागतो, मग प्रक्षेपणाचा गडगडाटही दबतो. मजकूर शब्दशः उतरवू नका. मिनिटाला १०० ते ११० शब्दांच्या वर गेलात की मुलं ऐकत बसतात आणि बघायचं राहून जातं. चांगल्या दृश्यावर आठ-दहा सेकंद निवेदकाने गप्प राहावं.

काय दाखवायचं, याबद्दल. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयासाठी १९७६ साली बनलेला ‘टू फ्लाय!’ हा २७ मिनिटांचा चित्रपट सपाट पडद्यासाठी आजही उत्तम आहे. त्याच्या सुरुवातीला चित्र पडद्याच्या मध्यात लहान असतं आणि बलून वर जातो तेव्हा ते पूर्ण पडद्यावर उघडतं. ८ मीटरच्या पडद्यासमोर बसलेल्या मुलाला उड्डाण म्हणजे काय ते त्या क्षणी कळतं. प्रोजेक्टर चालवणाऱ्याला याची कल्पना द्या, नाही तर तो सुरुवातीचं लहान चित्र पाहून झूम वाढवतो आणि सगळा परिणाम जातो. १९८५ सालच्या ‘द ड्रीम इज अलाइव्ह’मधली अंतराळातली दृश्यं स्पेस शटलच्या अंतराळवीरांनीच टिपली, एकूण चौदा जणांनी. २०१९ सालची अपोलो ११ वरची ४७ मिनिटांची संग्रहालय-आवृत्ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडलेल्या मोठ्या आकाराच्या मूळ फिल्मवर उभी आहे. गर्दी, रॉकेट, नियंत्रण कक्ष, सगळं कालच टिपल्यासारखं स्पष्ट.

ही दृश्यं वरून आणि खालून कापून १६:९ मध्ये बसवलेली आवृत्ती घेऊ नका. २००९ साली हबल दुर्बिणीच्या शेवटच्या दुरुस्तीला शटलच्या मालकक्षात जो त्रिमिती कॅमेरा गेला, त्यात १.६ किलोमीटर फिल्म होती आणि तेवढ्यात जेमतेम आठ मिनिटांचं चित्रण होत होतं. तिथे रीळ बदलता येत नव्हतं. कोणतं दृश्य टिपायचं ते सेकंद मोजून ठरवलं होतं. चौकटीत वर काय आणि खाली काय, याचा विचार करूनच ते घेतलं आहे. २०११ मध्ये शटल थांबल्यावर एवढी फिल्म वर नेणं-आणणं अवघड झालं, म्हणून २०१६ सालचा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा चित्रपट डिजिटल कॅमेऱ्यांवर झाला. असे नवे चित्रपट १.९० ला १ किंवा १६:९ या प्रमाणातही येतात. पुरवठादाराला मूळ प्रमाण विचारा आणि पडद्याला वर-खाली सरकणारे काळे कापडी पट्टे लावा.

घुमटासाठी सुरुवात फुकट मिळणाऱ्या साहित्यापासून करा. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी घुमटासाठीच्या क्लिप आणि काही पूर्ण चित्रपट क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली देते. श्रेय दिलं की मराठी निवेदन करायला मोकळीक असते. वर्षभर तेच चालवा, मुलांचे प्रश्न पाहा, मग विकत घ्या.

परवान्यात वर्षांची मुदत, खेळांची संख्या, तिकीट लावता येतं का, आणि जागा एक की दोन, हे चार मुद्दे नीट वाचा. सभागृह आणि घुमट या दोन जागा धरल्या जातात. तिकीट लावून सार्वजनिक प्रदर्शन करणार असाल तर सेन्सॉर प्रमाणपत्र आहे का ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. सिनेमागृहाचा सर्व्हर असेल तर चित्रपट डीसीपी (सिनेमागृहासाठीचा डिजिटल फाइलसंच) रूपात येतो. ४० मिनिटांचा जास्तीत जास्त ७५ जीबी भरतो. तो उघडणारी डिजिटल किल्ली त्या एकाच सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारखांसाठी असते. इथे नेहमी होणारी चूक वेळेची. किल्ली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्रीपासून लागू असेल, तर आपल्याकडे ती हिवाळ्यात दुपारी दीडला आणि उन्हाळ्यात साडेबाराला उघडते. सकाळी नऊला बसमधून उतरलेले दोन वर्ग दारात आणि पडदा काळा. किल्ली एक दिवस आधीपासूनची मागा आणि आदल्या संध्याकाळी पूर्ण चित्रपट चालवून बघा.

वीज आणि हवा. प्रोजेक्टर आणि सर्व्हर ऑनलाइन प्रकारच्या (वीज गेली तरी क्षणभरही खंड न पडू देणाऱ्या) ५ केव्हीए यूपीएसवर ठेवा. क्षणभर वीज गेली की प्रोजेक्टर सावरतो, सर्व्हरची डिस्क बिघडते. साठ मुलं बसली की पाच-सहा किलोवॉट उष्णता त्यांचीच होते, म्हणजे दीड टनाहून जास्त एसी त्यातच गेला. एप्रिल-मेमध्ये घुमटाचं छत तापलेलं असतं, म्हणून पाच टनांपेक्षा कमी धरू नका, आणि हवा मोठ्या डक्टमधून हळू सोडा. भिंतीवरच्या चार स्प्लिट एसींचा आवाज अवकाशातली शांतता टिकू देत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूला किंवा बांधकामाजवळ असाल तर प्रोजेक्टरचा फिल्टर दर पंधरवड्याला साफ करा. धूळ बसली की आधी उजेड घटतो, मग यंत्र तापून मध्येच बंद पडतं.

शहराचा एक फायदा घ्या. इथल्या मुलांनी ओझरच्या एचएएलमध्ये तयार होणारी सुखोई आकाशात पाहिलेली असतात. १९८४ मध्ये अंतराळात गेलेले राकेश शर्मा पुढे याच एचएएलच्या नाशिक विभागात मुख्य चाचणी वैमानिक होते. चित्रपटाआधी पाच मिनिटं एवढं सांगितलं तरी पडद्यावरचं विमान परकं राहत नाही. त्र्यंबक रोडवरच्या यशवंतराव चव्हाण तारांगणाची सहल ज्या महिन्यात असेल, त्याच महिन्यात तुमच्या घुमटातला अवकाश-चित्रपट ठेवा. २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनाला मागणी सर्वांत जास्त असते, त्यामुळे त्या आठवड्याचे खेळ जूनमध्येच शाळांना कळवा.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा. या सुट्टीत घुमटाला राखाडी रंग आणि काळं कार्पेट, आहे त्याच प्रोजेक्टरवर. फरक पहिल्याच खेळात दिसेल. त्यानंतर सभागृहातले उंचवटे आणि पडदा, मग तिथला ४के प्रोजेक्टर, मग आवाज. घुमटातले दोन प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही जुना विकू नका. नवा सांधा जुळेपर्यंतचे तीन-चार आठवडे खेळ त्याच्यावरच चालवावे लागतील.